शेतातून ताटात: जीवनसत्त्वे व खनिजांचे आरोग्यातील कार्य, गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत

माती परीक्षणाचा अहवाल समजून घेण्यासाठी अनेक शेतकरी कुटुंबे आमच्याकडे येतात. जस्त किती, लोह किती, सामू किती, सेंद्रिय कर्ब का कमी, हे प्रश्न ते बारकाईने विचारतात. एकदा एका शेतकऱ्याने पिशवीतून अहवाल काढला, तेव्हा त्यासोबत पत्नीच्या रक्ततपासणीचा कागदही बाहेर आला. मातीत लोह कमी, म्हणून त्याने भुईमुगावर फेरस सल्फेटची फवारणी केली होती. पत्नीचे हिमोग्लोबिन होते ७.८. तो कागद मात्र महिनाभर तसाच घडी घालून ठेवलेला होता.

हे एकाच घरातले चित्र नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आहेत. बाजरी, हरभरा, शेवगा, तीळ, दूध आणि अंडी पिकवणाऱ्या राज्यातले हे आकडे आहेत. त्यामुळे या लेखात पिकाच्या नव्हे, तर पीक खाणाऱ्याच्या पोषणाची माहिती घेऊ.

पिकाची आणि माणसाची सूक्ष्म अन्नद्रव्ये

नत्र, स्फुरद, पालाश भरपूर दिले पण जस्त कमी पडले, तर उत्पादन जस्ताच्या पातळीवरच अडते. हा किमान घटकाचा नियम आपल्याला माहीत आहे. माणसाच्या शरीरालाही तो बऱ्याच अंशी लागू पडतो. पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ ऊर्जा देतात व शरीर बांधतात. जीवनसत्त्वे आणि खनिजे अगदी थोडी लागतात, पण ती नसतील तर खाल्लेल्या अन्नाचा पूर्ण उपयोग होत नाही. पोट भरलेले असते, पण शरीर उपाशी असते. यालाच ‘छुपी भूक’ म्हणतात.

पीक आणि माणूस यांच्या गरजांमध्ये एक मोठा फरक आहे, तो लक्षात ठेवावा:

- लोह, जस्त, तांबे, मँगनीज, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश पिकालाही लागतात आणि माणसालाही. त्यांच्यापैकी लोह किंवा जस्त जमिनीत कमी पडले, तर पान पिवळे पडून पीक आपल्याला इशारा देते.
- आयोडीन आणि सेलेनियम माणसाला आवश्यक आहेत, पण पिकाच्या आवश्यक अन्नद्रव्यांत त्यांची गणना होत नाही. जमिनीत आयोडीन नसले तरी पीक हिरवेगार दिसते. कमतरता थेट माणसात दिसते.
- जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतींना लागत नाही आणि त्या ते तयारही करत नाहीत. म्हणून कितीही भाजी खाल्ली तरी तिच्यातून ते मिळत नाही.

महत्त्वाची खनिजे

१) लोह. रक्तातील हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी लोह लागते. हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो शरीराच्या प्रत्येक भागाला पोहोचवते. लोह कमी पडले की दम लागतो, थकवा येतो, डोळ्यांची आतली कड आणि जीभ फिकट दिसते. मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही. काहींना माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा होते. निंदणी करताना बाईला वरचेवर बसावे लागते, तेव्हा तिला ‘कामचुकार’ म्हणण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज १९ मि.ग्रॅ., तर मासिक पाळी येणाऱ्या स्त्रीला २९ मि.ग्रॅ. लोहाची गरज असते. म्हणजे जी व्यक्ती घरात बहुतेकदा शेवटी आणि कमी जेवते, तिचीच गरज दीडपट असते.

स्रोत: बाजरी, अळीव, हरभरा, मटकी, चवळी, कुळीथ, पालेभाज्या, तीळ, कारळे, मांस, कलेजी, मासे.

२) कॅल्शियम. हाडे व दात यांची बांधणी, स्नायूंचे आकुंचन आणि रक्त गोठणे यांसाठी कॅल्शियम लागते. प्रौढांना रोज १००० मि.ग्रॅ., तर अंगावर पाजणाऱ्या मातेला १२०० मि.ग्रॅ. लागते. आहारात कॅल्शियम कमी पडले तर शरीर ते हाडांतून काढून रक्तातली पातळी राखते. त्यामुळे अनेक वर्षे त्रास जाणवत नाही आणि उतारवयात साध्या पडण्यानेही हाड मोडते.

स्रोत (प्रति १०० ग्रॅम): तीळ सुमारे १२८० मि.ग्रॅ., नाचणी ३६४ मि.ग्रॅ., शेवग्याची पाने ३१४ मि.ग्रॅ., गाय-म्हशीचे दूध सुमारे १२० मि.ग्रॅ. काट्यासह खाल्ले जाणारे छोटे मासे हाही उत्तम स्रोत आहे. पालकात कॅल्शियम दिसते, पण ऑक्झॅलेटमुळे त्यातला फार थोडा भाग शरीराला मिळतो.

३) जस्त. वाढ, जखम भरणे, रोगप्रतिकारशक्ती, चव व भूक यांसाठी जस्त आवश्यक आहे. कमतरतेमुळे मुलांची उंची खुंटते, वारंवार जुलाब व संसर्ग होतात. म्हणूनच बालकाला जुलाब झाल्यास ओआरएससोबत १४ दिवस जस्ताच्या गोळ्या दिल्या जातात. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी १४ दिवस पूर्ण करावेत.

स्रोत: डाळी, हरभरा, शेंगदाणे, तीळ, अख्खी धान्ये, अंडी, मांस.

४) आयोडीन. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची संप्रेरके आयोडीनपासून बनतात. गरोदरपणात ते कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि हे नुकसान नंतर भरून निघत नाही. प्रौढाची रोजची गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे सत्तर वर्षांच्या आयुष्यात एकूण चहाच्या चमच्याहून कमी. तरीही ते रोज लागते, कारण शरीर त्याचा मोठा साठा करू शकत नाही. आयोडीनयुक्त मीठच वापरावे, ते झाकण असलेल्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवावे. जनावरांसाठी आणलेले खडे मीठ घरच्या स्वयंपाकात वापरू नये.

५) मॅग्नेशियम, पालाश आणि सोडियम. पहिली दोन डाळी, फळे, भाज्या व अख्ख्या धान्यांतून मिळतात आणि स्नायू, हृदय व रक्तदाब नियंत्रित ठेवतात. सोडियमची अडचण उलटी आहे, ते जास्त होते. लोणचे, पापड, फरसाण आणि वरून घेतलेले मीठ मोजून खावे.

महत्त्वाची जीवनसत्त्वे

जीवनसत्त्वे दोन गटांत मोडतात. अ, ड, ई आणि के ही स्निग्ध पदार्थांत विरघळतात व शरीरात साठतात. ब गट आणि क पाण्यात विरघळतात. बी-१२ वगळता त्यांचा साठा फार काळ पुरत नाही, म्हणून ती नियमित मिळावी लागतात.

जीवनसत्त्व अ: दृष्टी, त्वचा, श्वसनमार्ग व आतड्याचे अस्तर आणि रोगप्रतिकारशक्ती यांसाठी. संध्याकाळी अंधुक दिसणे, म्हणजे रातांधळेपणा, हे कमतरतेचे पहिले लक्षण. वनस्पतींत ते बीटा कॅरोटीनच्या रूपात असते: शेवगा, माठ, मेथी, गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा, केशरी गराची रताळी. भाजीला थोडे तेल असेल तरच ते नीट शोषले जाते. दूध, लोणी, अंड्याचा बलक व कलेजी यांत ते तयार स्वरूपात मिळते.

ब गट: अन्नातून ऊर्जा मोकळी करण्याचे काम या गटातील जीवनसत्त्वे करतात. तांदूळ जास्त पॉलिश केला की थायमिन (बी-१) कोंड्याबरोबर निघून जाते. नायसिन कमी पडल्याने होणारा पेलाग्रा हा आजार दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांत पूर्वी आढळत असे. दोष ज्वारीचा नव्हता, ज्वारीसोबत दुसरे काही नसण्याचा होता. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध आले की हा प्रश्न सुटतो.

फोलेट (बी-९): याच्या शोधाचा धागा मुंबईशी जोडलेला आहे. ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि कापड गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी दाखवले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून हा घटक वेगळा काढण्यात आला आणि लॅटिन भाषेतील ‘पान’ या शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. नव्या पेशी तयार होताना फोलेट लागते. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते. तोपर्यंत अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही कळलेले नसते. म्हणून मूल हवे असे ठरवल्यापासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने फोलिक आम्लाची गोळी सुरू करावी. स्रोत: हिरव्या पालेभाज्या, मूग, हरभरा, चवळी, शेंगदाणे.

बी-१२: रक्त आणि मज्जासंस्थेसाठी. हे फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. या जीवनसत्त्वाच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. गाय-म्हशीच्या पहिल्या पोटातील जिवाणू चाऱ्यातील कोबाल्ट वापरून बी-१२ बनवतात आणि ते दूध व मांसात उतरते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा, जीभ लाल व गुळगुळीत होणे ही कमतरतेची लक्षणे आहेत. पूर्ण शाकाहारी कुटुंबात दूध, दही, ताक हाच मुख्य स्रोत. तेही सगळे डेअरीला गेले, तर कमतरता ठरलेली.

जीवनसत्त्व क: हिरड्या, त्वचा व जखमा भरण्यासाठी, तसेच वनस्पतीजन्य लोहाचे शोषण वाढवण्यासाठी. प्रति १०० ग्रॅम आवळ्यात सुमारे २५० मि.ग्रॅ., पेरूत २०० मि.ग्रॅ.हून अधिक. प्रौढाची रोजची गरज ६५ ते ८० मि.ग्रॅ. म्हणजे एक मध्यम पेरू दिवसाची गरज भागवतो.

जीवनसत्त्व ड: कॅल्शियमचे शोषण यावर अवलंबून असते. अन्नात ते फार थोडे असते. त्वचेवर ऊन पडल्यावर शरीर ते स्वतः तयार करते. शेतात राबणाऱ्यांना ऊन मिळते, पण दिवसभर घरात असणारी बाळंतीण, वृद्ध आणि अंधाऱ्या खोलीत बसून अभ्यास करणारी मुले यांना ते मिळेलच असे नाही.

ई आणि के: ई हे तेलबियांतून मिळते व पेशींचे रक्षण करते. के हे रक्त गोठण्यासाठी लागते व पालेभाज्यांत असते. नवजात बाळात के फार कमी असते, म्हणून जन्मानंतर लगेच त्याचे इंजेक्शन दिले जाते. त्याला नकार देऊ नये.

वयानुसार गरज

गरोदरपण. शासकीय कार्यक्रमानुसार दुसऱ्या तिमाहीपासून रोज ६० मि.ग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्लाची गोळी किमान १८० दिवस, आणि प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. कॅल्शियमच्या ५०० मि.ग्रॅ.च्या दोन गोळ्याही रोज दिल्या जातात. लोह व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते, त्यामुळे दोन तासांचे अंतर ठेवावे. जस्त सल्फेट व सुपर फॉस्फेट आपण एकत्र मिसळत नाही, तसाच हा प्रकार. गोळीमुळे शौच काळी होते, कधी मळमळते. काळ्या रंगाची भीती नको. मळमळ होत असेल तर आशाताई किंवा एएनएम यांच्याशी बोलून वेळ बदलावी, गोळी बंद करू नये. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय आणि ७ पेक्षा कमी म्हणजे तातडीने दवाखाना.

बाळंतपण व स्तनपान. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खसखस, शेपू-मेथीची भाजी, बाजरीची भाकरी हा आपला परंपरागत बाळंतिणीचा आहार लोह व कॅल्शियमच्या दृष्टीने चांगला आहे. मात्र काही घरांत बाळंतिणीला भाजी, फळे, अगदी पाणीसुद्धा तोडले जाते. दूध तयार होण्यासाठी हे सगळे लागते.

जन्म ते ६ महिने. फक्त आईचे दूध. बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येते. हा साठा साधारण सहा महिने पुरतो. आई रक्तक्षयग्रस्त असेल किंवा बाळ कमी वजनाचे असेल, तर तो त्याआधीच संपतो.

६ महिने ते ५ वर्षे. लोहाचा साठा संपतो त्याच वेळी वाढ सर्वांत वेगाने होत असते. म्हणून सहा महिने पूर्ण होताच वरचा आहार सुरू करावा. नुसते डाळीचे वरचे पाणी देऊ नये. घट्ट वरण, मऊ खिचडी, नाचणी सत्त्व, कुस्करलेली भाजी, अंडे द्यावे. एक वर्षाच्या आत गाईचे दूध हाच मुख्य आहार ठेवू नये, त्यात लोह अत्यल्प असते. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत जीवनसत्त्व अ चे नऊ डोस शासनामार्फत मोफत मिळतात. पहिला १ लाख युनिटचा, पुढचे दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटचे. लसीकरण कार्डावर नोंद तपासावी.

किशोरवय. उंची वाढते, मुलींना पाळी सुरू होते, मुलांचे स्नायू भरतात. लोह, कॅल्शियम, जस्त तिन्हींची गरज एकदम वाढते. शाळेत व अंगणवाडीत आठवड्यातून एकदा लोह-फोलिक आम्लाची निळी गोळी मिळते. ती रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घ्यावी. हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत वाढते. पुढे आहे तेवढ्यावर चालवायचे असते. मुलीला दूध नको आणि मुलाला पेला भरून, असे घरात होत असेल, तर त्या मुलीच्या हाडांची तूट तिच्या साठीत दिसते.

प्रौढ. या वयात काम सर्वाधिक आणि स्वतःकडे लक्ष सर्वांत कमी. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासावे. पुरुषात १३ पेक्षा कमी आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन कमी असेल, तर शरीरात कुठे रक्तस्राव होतो आहे का, याची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

वार्धक्य. जठरातील आम्ल कमी होते, त्यामुळे बी-१२ चे शोषण घटते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या अनेक वर्षे घेणाऱ्यांत ही शक्यता वाढते. त्वचेची जीवनसत्त्व ड तयार करण्याची क्षमताही कमी होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. दात नसल्याने आजी-आजोबा चहात बुडवलेल्या बिस्किटांवर दिवस काढतात. त्यांना ताक, आंबील, नाचणीची पेज, मऊ खिचडी, पिकलेली पपई, उकडलेले अंडे सहज खाता येते. आजोबा विसरू लागले तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता बी-१२ ची तपासणी करून घ्यावी.

स्वयंपाकघरातील मशागत: शोषण कसे वाढवावे?

जमिनीत एकूण लोह भरपूर असते, पण चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते पिकाला मिळत नाही. आहारातही तसेच आहे. धान्य-डाळींतील लोहापैकी साधारण ५ ते १० टक्केच शरीरात जाते, कारण फायटेट व टॅनिन ते बांधून ठेवतात. उपाय सोपे आहेत:

- जेवणासोबत लिंबू, कच्चा टोमॅटो, पेरू किंवा आवळा घ्यावा.
- जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा घेऊ नये. शेतात भाकरीसोबत चहा पिण्याची सवय बदलावी.
- कडधान्ये भिजवून मोड आणावेत. ज्वारीची आंबील, इडली, आंबोळी, मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व यांत फायटेट कमी होते.
- भाजी, विशेषतः टोमॅटो किंवा चिंच घातलेली, लोखंडी कढईत शिजवावी आणि शिजल्यावर दुसऱ्या भांड्यात काढावी.
- पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. शिजवताना पाणी बेताचे घालावे, झाकण ठेवावे आणि उरलेले पाणी आमटीत घ्यावे.
- शेवग्याची किंवा कढीपत्त्याची पाने वाळवायची असल्यास सावलीत वाळवावीत.

आणखी एक गळती शेतातूनच होते. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि प्रौढ कृमी आतड्यात रोज रक्त पितात. चपला किंवा बूट, शौचालयाचा वापर आणि जंतनाशक गोळी नसेल, तर लोहाची गोळी म्हणजे फुटक्या पाइपातून दिलेले पाणी.

शेतात काय करता येईल?

१) पोषणमूल्य वाढवलेले वाण निवडा.

- बाजरी – धनशक्ती: इक्रिसॅट आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी यांच्या सहकार्याने २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित. लोह सुमारे ७१ आणि जस्त सुमारे ४० पीपीएम. एक पीपीएम म्हणजे किलोमागे एक मि.ग्रॅ. म्हणजे या वाणाच्या २०० ग्रॅम पिठातून सुमारे १४ मि.ग्रॅ. लोह, स्त्रीच्या रोजच्या शिफारशीच्या जवळपास निम्मे. हा संकरित नसून मुक्त परागित वाण आहे, त्यामुळे विलगीकरण अंतर राखल्यास घरचे बियाणे वापरता येते.
- ज्वारी – परभणी शक्ती: २०१८ मध्ये प्रसारित. लोह सुमारे ४५ व जस्त सुमारे ३२ पीपीएम.
- गहू – एमएसीएस ४०२८: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा बन्सी (ड्युरम) गहू. प्रथिने सुमारे १४.७ टक्के, लोह ४६ व जस्त ४० पीपीएम.
- डाळिंब – सोलापूर लाल: राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, सोलापूर यांचा लोह, जस्त व जीवनसत्त्व क अधिक असलेला संकरित वाण.

लोहयुक्त बाजरीची चाचणी आपल्याच राज्यात, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात झाली आहे. १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ शाळकरी मुलामुलींना सहा महिने दिवसातून दोनदा बाजरीची भाकरी देण्यात आली. ज्यांना लोहयुक्त बाजरी मिळाली, त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा साधी बाजरी खाणाऱ्यांपेक्षा अधिक वाढला. सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्यांत ती दूर होण्याची शक्यता १.६ पट होती. गोळी नाही, फक्त वाण बदलला होता.

२) जस्त जमिनीतून आणि पानातून द्या. माती परीक्षणात उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी असेल, तर हेक्टरी २० ते २५ किलो जस्त सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे. गव्हात फुलोऱ्यात आणि दाणे दुधाळ असताना ०.५ टक्के जस्त सल्फेटची (५० ग्रॅम व चुना २५ ग्रॅम प्रति १० लिटर पाणी) फवारणी केल्यास दाण्यातील जस्त वाढते. लोहाचे तसे नाही. फेरस सल्फेटच्या फवारणीने पानावरचा केवडा जातो, पण दाण्यातील लोह फारसे वाढत नाही. म्हणून लोहासाठी योग्य वाण हाच खात्रीचा मार्ग आहे.

३) परसबाग करा. दोन-तीन गुंठे जागा असेल तर उत्तम, नसेल तर सांडपाण्याच्या कडेची पट्टीही पुरते. शेवगा दोन झाडे, कढीपत्ता, लिंबू, पेरू व आवळा प्रत्येकी एक, पपई तीन-चार. वाफ्यांत मेथी, लाल माठ, अंबाडी, चवळी आलटून-पालटून. कुंपणावर भोपळा व घेवडा. चार-पाच गावरान कोंबड्या. परसबागेवर कीडनाशकाची फवारणी टाळावी.

४) विकण्याआधी घरचा वाटा काढा. बियाण्यासाठी आपण निवडक धान्य बाजूला ठेवतोच. तसेच रोज माणशी एक पेला दूध, मुलांसाठी अंडी, आणि वर्षभर पुरेल एवढे कडधान्य व तीळ आधी घरात ठेवावे. मग उरलेले डेअरीला आणि बाजारात पाठवावे.

ही काळजी घ्या

- प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. विदर्भाच्या काही भागांत आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण आढळतात. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोह घेऊ नये.
- जीवनसत्त्व अ व ड शरीरात साठतात, जास्त झाल्यास विषबाधा होते. गरोदरपणात अ चे जादा डोस गर्भाला घातक आहेत. दुकानातून मनाने ‘ताकदीच्या’ गोळ्या आणू नयेत.
- लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गोड समजून त्या खाल्ल्यास जिवावर बेतू शकते.
- मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पालाश व कॅल्शियमयुक्त आहाराबाबत डॉक्टरांना विचारावे.
- शेतीसाठी मिळणारे फेरस सल्फेट, जस्त सल्फेट किंवा बोरॉन ही खते आहेत, औषधे नाहीत. ती स्वयंपाकघरापासून दूर ठेवावीत.

लक्षात ठेवण्यासाठी

भाकरीसोबत डाळ, डाळीसोबत पालेभाजी, तिच्यावर लिंबू, दिवसातून एकदा दूध किंवा ताक, दिवसाआड अंडे किंवा मोड आलेले कडधान्य, आणि थोडे ऊन. चहा जेवणापासून दूर. गोळ्या ठरल्या तेवढ्या दिवस.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या कुटुंबाला आम्ही दोन चिठ्ठ्या दिल्या, एक भुईमुगासाठी आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी. ‘आधी दुसरी चिठ्ठी,’ एवढेच सांगितले. भुईमुगाचे पिवळे पान लगेच नजरेत येते. घरातल्या माणसाचा फिकटपणा मात्र रोज समोर असूनही दिसत नाही. पुढच्या वेळी माती परीक्षणाला नमुना घेऊन जाल, तेव्हा त्याच फेरीत घरातील सर्वांचे हिमोग्लोबिनही तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.